‘प्री-वर्कआउटशिवाय जिम म्हणजे वेळ फुकट’ म्हणणाऱ्या फॉरवर्डची झडती

जिमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. जिमच्या आधी काही खाऊ नका, उपाशीपोटी चरबी दुप्पट जळते, जुने पैलवानही उपाशीच मेहनत करायचे. ताकदीसाठी प्री-वर्कआउट (व्यायामाआधी पाण्यात कालवून प्यायची उत्तेजक पावडर) घ्या, अंगाला झिणझिण्या आल्या की समजायचं माल ओरिजिनल. पावडर पाण्यात कालवत बसू नका, कोरडीच तोंडात टाका, लवकर ‘लागते’. क्रिएटिन या ताकद वाढवणाऱ्या पावडरीच्या वाटेला जाऊ नका, ते स्टेरॉइड आहे, किडनी जाते आणि टक्कल पडतं. बीसीएए (तीन अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांच्या घटकांची पावडर) मात्र हवंच. आणि शेवटी नेहमीचं, ‘सगळ्या भावांना पाठवा’.

भावांना पाठवण्याआधी एकेक कलम बघूया.

उपाशीपोटी चरबी दुप्पट जळते

यात खरं एवढंच, की रिकाम्या पोटी व्यायाम करताना त्या तासाभरात इंधन म्हणून चरबीचा वाटा थोडा जास्त असतो. पण शरीर हिशेब तासाचा ठेवत नाही. सकाळी चरबी जास्त वापरली तर उरलेल्या दिवसात ती कमी वापरली जाते. 2014 मध्ये 20 तरुण मुलींवर याची चाचणी झाली. आठवड्यातून 3 दिवस, तासभर कार्डिओ, 4 आठवडे. अर्ध्या मुली उपाशीपोटी, अर्ध्या खाऊन. दोन्ही गटांचं जेवण सारखंच कमी केलेलं. शेवटी चरबी दोन्हीकडे सारखीच उतरली.

आणि हे झालं कार्डिओचं. वजनं उचलताना स्नायू मुख्यतः आपल्यातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर वापरतात. हा साठा साधारण 400 ते 500 ग्रॅमचा असतो आणि तो रात्रभराच्या उपासाने फारसा हलत नाही. उतरतं ते यकृतातलं, जे मुळातच शंभरेक ग्रॅम असतं. म्हणून सकाळी सहाला उठून अर्धा-पाऊण तास व्यायाम करणाऱ्याने काही खाल्लं नाही तरी बिघडत नाही, फक्त आदल्या रात्री नीट जेवलेला हवा.

पैलवानांच्या दाखल्यातली गोम हीच. तालमीत पहाटे रिकाम्या पोटी जोर-बैठका होतात हे खरं. पण आदल्या दिवशीचा खुराक, मेहनतीनंतरची बदामाची थंडाई, दूध-तूप आणि दुपारची हक्काची झोप यांचा फॉरवर्डमध्ये उल्लेखच नाही. पैलवानाची पहाट तेवढी उचलायची आणि त्याचा अख्खा दिवस सोडून द्यायचा, असा हा प्रकार आहे.

प्री-वर्कआउट घेतल्याशिवाय ताकद येत नाही

इथे जरा थांबायला हवं, कारण अर्धी जनता इथेच फसते.

डोंबिवलीला राहून मुंबईत नोकरी करणारा मुलगा घ्या. दुपारी एकला डबा खातो, पाचला चहा-बिस्किट, गाडीत उभं राहून घरी येतो आणि आठला जिममध्ये शिरतो. जेवणाला सात तास झालेले. बेंच प्रेसच्या दुसऱ्या सेटला हात गळतात. शेजारचा सांगतो, ‘भाऊ, प्री-वर्कआउट चालू कर.’ तो चालू करतो, आणि फरक पडतोही. पण पडतो कशाने?

प्री-वर्कआउटच्या डब्यातला जो घटक घेतल्या दिवशी खात्रीने जाणवतो तो म्हणजे कॅफीन. त्याचा उपयोग होतो यात वादच नाही. वजनाच्या दर किलोमागे 3 ते 6 मिलिग्रॅम, साधारण तासभर आधी, हे प्रमाण अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय. 65 किलोच्या माणसाला खालच्या टोकाचा डोस म्हणजे 195 मिलिग्रॅम. इन्स्टंट कॉफीच्या एका चमच्यात साधारण 60 असतं, म्हणजे तीन-सव्वातीन चमच्यांची कडक काळी कॉफी झाली. चव कशी लागेल ते विचारू नका, पण काम तेच होतं आणि खर्च काही रुपयांचा.

आता घड्याळ बघा. कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला सरासरी पाचेक तास लागतात. साडेसातला 200 मिलिग्रॅम घेतलं तर रात्री साडेबाराला 100 अजून रक्तात फिरतंय, म्हणजे झोपताना दीड चमचा कॉफी घेतल्यासारखं. 2013 च्या एका प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी 400 मिलिग्रॅम दिल्यावर लोकांची झोप तासाभराहून अधिक घटली होती. झोप कमी, म्हणून दुसऱ्या दिवशी अंग जड, म्हणून स्कूप दीडपट. डोंबिवलीकराचा पावडरीचा डबा मग महिन्याऐवजी वीस दिवसांत संपतो.

त्याला खरं तर लागत होतं सात वाजताचं एक केळं. नाहीतर गाडीत बसायला मिळालं तर चार खजूर.

झिणझिण्या म्हणजे माल ओरिजिनल

झिणझिण्या येतात बीटा-अॅलनिनमुळे. त्वचेजवळच्या मज्जातंतूंना ते चाळवतं, चेहरा, कान, हातांवर मुंग्या येतात आणि तासाभरात जातात. त्रासदायक असलं तरी घातक नाही. पण त्याचा त्या दिवशीच्या ताकदीशी काडीचा संबंध नाही. बीटा-अॅलनिन स्नायूंत कार्नोसिन, म्हणजे दमताना साचणारं आम्ल आवरणारा पदार्थ, वाढवतं, आणि त्यासाठी रोज 3.2 ते 6.4 ग्रॅम असं किमान चार आठवडे घ्यावं लागतं. त्यानंतरही फायदा मुख्यतः एक ते चार मिनिटं चालणाऱ्या दमछाकीत, उदाहरणार्थ 400-800 मीटर धावणं किंवा रोइंग. वीस सेकंदांत संपणाऱ्या पाच रिप्सच्या स्क्वॉटला त्याचा काय उपयोग? झिणझिण्या हा कंपन्यांना मिळालेला फुकटचा पुरावा आहे. गिऱ्हाइकाला काहीतरी ‘जाणवतं’, मग तो दुसरा डबा घेतो.

कोरडी पावडर तोंडात टाका

हे कलम सरळ धोक्याचं. पावडर श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो तो एक भाग. मोठी गोष्ट अशी की काही डब्यांच्या एका स्कूपमध्ये 200 ते 300 मिलिग्रॅम कॅफीन असतं. 250 मिलिलिटरच्या एनर्जी ड्रिंकच्या कॅनमध्ये साधारण 75-80 असतं. म्हणजे अडीच ते चार कॅन एका घासात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने निरोगी प्रौढासाठी एका वेळी 200 आणि दिवसभरात 400 ही सुरक्षित मर्यादा धरली आहे, आणि त्या 400 मध्ये दिवसभराचा चहाही आला. बीपी, हृदयाची धडधड, पॅनिकचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हा डबा लांबच ठेवावा.

क्रिएटिन म्हणजे स्टेरॉइड

नाही. स्टेरॉइडशी त्याचं रसायनशास्त्रातलंसुद्धा नातं नाही. क्रिएटिन आपलं शरीर स्वतः रोज साधारण एक ग्रॅम बनवतं, मांस-मासळीतून थोडं मिळतं. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत साठा कमी असतो, त्यामुळे घेतल्यावर फरक त्याला बहुधा अधिक जाणवतो. सप्लिमेंटच्या सगळ्या बाजारात सर्वांत जास्त तपासलं गेलेलं आणि तरीही टिकलेलं बहुधा हेच, आणि फॉरवर्डने नेमकं त्यालाच हाकललंय!

किडनीच्या भीतीचं मूळ मात्र समजून घेण्यासारखं आहे. क्रिएटिनचं शरीरात क्रिएटिनीन होतं आणि लॅबमध्ये किडनीचा अंदाज घेतात तो याच क्रिएटिनीनवरून. पावडर सुरू असताना रिपोर्टमध्ये आकडा थोडा वर दिसतो, घरात रडारड होते. निरोगी माणसात हे किडनी बिघडल्याचं लक्षण नसतं. रक्त देताना डॉक्टरांना ‘क्रिएटिन चालू आहे’ असं सांगायचं. शंका राहिली तर सिस्टॅटिन-सी ही वेगळी तपासणी आहे, तिच्यावर पावडरीचा असा परिणाम होत नाही. किडनीचा आजार आधीच असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

टक्कल? 2009 मध्ये रग्बी खेळणाऱ्या काही तरुणांत क्रिएटिन घेतल्यावर डीएचटी नावाचं, टक्कल पडण्याशी जोडलं जाणारं हार्मोन वाढलेलं दिसलं. केस कोणी मोजलेच नव्हते. त्या एका अभ्यासावर हा सगळा डोलारा उभा आहे.

प्रमाण रोज 3 ते 5 ग्रॅम, कधीही घ्या. जिमच्या आधीच हवं असं काही नाही, कारण साठा भरायला तीन-चार आठवडे जातात. सुरुवातीला किलो-दीड किलो वजन वाढतं, ते स्नायूंतलं पाणी. साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट पुरतं, महागड्या नावांच्या मागे लागायचं कारण नाही.

बीसीएए हवंच

नको. ही तीन अमिनो आम्लं डाळ-भात, दूध, अंडी सगळ्यांत आहेत, आणि व्हे (दुधातल्या प्रथिनाच्या) पावडरमध्ये तर चौथाई भाग तीच असतात. स्नायू बांधायला नऊच्या नऊ आवश्यक अमिनो आम्लं लागतात. तिघांनाच बोलावून काम पुढे सरकत नाही.

डब्याची मागची बाजू

फॉरवर्डमध्ये जे नाही तेही सांगायला हवं. लेबलवर ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’, म्हणजे कंपनीचं खास मिश्रण, असं लिहून खाली आठ-दहा नावं आणि शेवटी एकच वजन, समजा 5 ग्रॅम, दिलेलं असतं. यादीत सिट्रुलीन मॅलेट दिसतं, ते ‘पंप’साठी, म्हणजे व्यायाम करताना स्नायू फुगल्यासारखे वाटावेत म्हणून. अभ्यासांत वापरलेला त्याचा डोस 6 ते 8 ग्रॅम. आता आठ-दहा घटक मिळून 5 ग्रॅम असतील तर त्यात एकट्याचे 6 बसणार कसे? हा हिशेब दुकानात उभ्या उभ्या होतो.

लेबल खरं असेलच असंही नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या 36 प्रोटीन सप्लिमेंटची तपासणी 2024 मध्ये प्रसिद्ध झाली. जवळपास 70 टक्क्यांत प्रोटीनची माहिती चुकीची निघाली, काहींत तर सांगितल्याच्या निम्मंच. त्याच वर्षी आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असाच सल्ला दिला. मी इतक्या टोकाला जाणार नाही. दिवसभर बाहेर असलेल्या शाकाहारी माणसाला एक स्कूप सोयीचा पडतो. पण खेळाडूंनी तरी कंपनीशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेने तपासलेला बॅचच घ्यावा, कारण डोपिंगमध्ये ‘डब्यात होतं, मला माहीत नव्हतं’ ही सबब चालत नाही.

मग खायचं काय

पूर्ण जेवण असेल तर अडीच-तीन तास आधी. तास-दीड तास असेल तर पोह्यांची लहान बशी, शेंगदाणे आणि खोबरं हात राखून, कारण स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात. 50 ग्रॅम कोरड्या पोह्यांतून 38 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं मिळतात, तासाभराच्या व्यायामाला पुष्कळ झाली. सातूचं पीठ गूळ घालून पाण्यात कालवलेलं उत्तम चालतं. अर्धा तासच उरला असेल तर केळं, खजूर किंवा राजगिऱ्याचा लाडू. मटकीची उसळ आणि छोले नंतरसाठी ठेवा. डेडलिफ्टला वाकल्यावर कारण कळेल.

आणि इंजेक्शन

फॉरवर्डखाली हल्ली कोणीतरी हळूच लिहितं, ‘पावडर सोड, पाच एमएल मिळेल का?’ हे मेफेंटरमिन. मणक्यातून भूल दिल्यावर ऑपरेशन टेबलवर रक्तदाब घसरला तर तो चढवायला भूलतज्ज्ञ वापरतात ते औषध. अॅम्फेटामाइनच्या कुळातलं. जिममध्ये ते दम वाढवायला टोचून घेतात आणि रक्तदाब भडकतो, हृदयाचे ठोके बिघडतात, सवय लागते, काहींना भास होतात. महाराष्ट्रात याच्या चोरट्या विक्रीबद्दल पोलिसांनी गुन्हे नोंदवलेत.

पावडरही नेहमी निरुपद्रवी नसते. 2012 च्या लंडन मॅरेथॉनमध्ये एक 30 वर्षांची धावपटू शेवटच्या टप्प्यात कोसळून मरण पावली. तिच्या पाण्याच्या बाटलीत कालवलेल्या पावडरीत डीएमएए हे उत्तेजक होतं. तेव्हा ती पावडर दुकानात राजरोस मिळायची.

व्यायाम करताना छातीत दुखलं, ठोके चुकल्यासारखे वाटले किंवा चक्कर आली तर सेट तिथेच सोडा आणि दवाखाना गाठा. काय घेतलं होतं ते लाजून लपवू नका. डबा हाताशी असेल तर सरळ पिशवीत टाकून डॉक्टरांसमोर ठेवा.