भूमिपुत्रांचा फॉरवर्ड आणि वेम्बलीतला पाऊस

इंग्लंड फुटबॉलच्या एखाद्या मोठ्या स्पर्धेतून बाहेर पडलं की आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास उगवतो. दर वेळी दोन ओळी वाढतात, गाभा तोच. "१९६६ साली क्लबांत घरची पोरं खेळायची म्हणून वर्ल्ड कप आला. मग परदेशी घुसले, भूमिपुत्रांची जागा गेली, इंग्लंड भिकेला लागलं. बाहेरच्यांना ना क्लबची माया, ना गावाची. होमग्रोनचा नियम आहे, पण तो कुचकामी. आयपीएलसारखे अकरात चारच परदेशी ठेवा, मग बघा." शेवटी जोडलेले हात आणि 'पटलं तर पुढे पाठवा'.

पाठवणाऱ्याच्या प्रोफाइलवर इजिप्तच्या फुटबॉलपटू सालाहचा फोटो आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

यातलं काही अगदीच खोटं नाही, म्हणून तर ते पटकन गळी उतरतं. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

"दार बंद होतं तेव्हा इंग्लंड जिंकत होतं." दार बंद होतं हे खरं. १९३१ साली तिथल्या फुटबॉल असोसिएशनने (एफए) नियम केला की बाहेरच्या खेळाडूने आधी दोन वर्षं देशात राहायचं, मगच व्यावसायिक म्हणून खेळायचं. दोन वर्षं नुसतं राहायला कोण जाणार? हा अडसर १९७८ साली निघाला आणि त्याच उन्हाळ्यात टॉटनहॅमने अर्जेंटिनाचे आर्डिलेस आणि विया आणले. म्हणजे दार सत्तेचाळीस वर्षं बंद होतं. त्या काळात इंग्लंडने काय कमावलं? एक वर्ल्ड कप, तोही घरी, सगळे सामने लंडनच्या वेम्बलीवर खेळून. आणि काय गमावलं? १९५० साली ब्राझीलमध्ये अमेरिकेकडून १-० हार. १९५३ मध्ये हंगेरीने वेम्बलीवर येऊन ६-३ ने धुतलं, पुढच्या वर्षी बुडापेस्टमध्ये ७-१. ऑक्टोबर १९७३ मध्ये पोलंडला घरच्या मैदानावर हरवायचं होतं, सामना १-१ सुटला आणि १९७४ चा वर्ल्ड कप हुकला. १९७८ चाही हुकला. लीगमध्ये शोधून एखादाच परदेशी सापडायचा, त्या काळातल्या या गोष्टी. ४७ वर्षांतलं एक वर्ष उचलून नियम सिद्ध करायचा असेल तर १९८३ चा दाखला देऊन कपिल देवच्या मिशीमुळे वर्ल्ड कप आला असंही म्हणता येईल.

त्यातही 'घरची पोरं' म्हणजे कोण, हे फॉरवर्डवाल्यांनी पाहिलेलंच नाही. १८८८-८९ ची पहिली लीग जिंकणाऱ्या प्रेस्टनच्या संघात स्कॉटिश खेळाडूंचा भरणा होता. १९८६ च्या एफए कप फायनलला लिव्हरपूलची सुरुवातीची अकरा काढून बघा: ग्रोबेलार झिम्बाब्वेचा, मोल्बी डेन्मार्कचा, रश वेल्सचा, डॅल्ग्लिश आणि हॅन्सन स्कॉटलंडचे, व्हेलन आयर्लंडचा. इंग्लंडच्या वरिष्ठ संघाकडून खेळलेला त्या अकरांत एकही नाही. एव्हर्टनला ३-१ हरवून त्यांनी लीग आणि कप दोन्ही नेले. तेव्हा कुणी बोंब मारल्याचं ऐकिवात नाही. काही आठवड्यांनी इंग्लंड मेक्सिकोत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलं आणि मॅराडोनाच्या हाताने अन् मग पायाने बाहेर पडलं. ते पाप लिव्हरपूलच्या माथी कसं मारणार?

"परदेशी आले आणि जागा गेल्या." हा मुद्दा मी मान्य करतो. ऑगस्ट १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा पहिल्या फेरीत सुरुवातीच्या अकरांत ब्रिटन-आयर्लंडबाहेरचे एकूण तेरा जण होते, सगळ्या बावीस संघांत मिळून. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाचा बोसमन निकाल आला, युरोपीय संघातल्या खेळाडूंवरची बंधनं गळून पडली आणि चित्र पालटलं. १९९९ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी साउदॅम्प्टनमध्ये चेल्सीची अकराच्या अकरा मंडळी परदेशी होती. २००५ च्या व्हॅलेंटाइन डेला आर्सेनलने बेंचसकट सोळाही बाहेरचे आणले आणि क्रिस्टल पॅलेसला पाच गोल घातले. आज इंग्लिश खेळाडूंच्या वाट्याला लीगमधली साधारण एक-तृतीयांश जागा येते. जागा घटल्या, बिलकुल घटल्या. पण जागा घटल्या म्हणून राष्ट्रीय संघ बिघडला, ही उडी कुठून मारली?

२१ नोव्हेंबर २००७ ची रात्र घ्या, कारण या फॉरवर्डचा खरा जन्म तिथला. वेम्बलीवर पाऊस. युरो २००८ गाठायला क्रोएशियाविरुद्ध नुसती बरोबरी पुरे होती. आठव्या मिनिटाला क्रान्चारने लांबून मारलं, चेंडू पुढ्यात टप्पा खाऊन स्कॉट कार्सनच्या हातांवरून आत गेला. पहिल्याच अधिकृत सामन्यात बिचारा कार्सन. थोड्या वेळात ०-२. मग लॅम्पार्डची पेनल्टी, बेकहॅमच्या क्रॉसवर क्राउच, २-२. आणि शेवटच्या पाव तासात पेत्रिचचा डावा पाय, २-३. प्रशिक्षक मॅक्लारेन टचलाइनवर मोठी छत्री धरून उभे. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली, आणि छत्री वर्तमानपत्रांत कायमची छापली गेली. त्या आठवड्यात सगळ्यांना उत्तर सापडलं: परदेशी!

आता सहा महिने पुढे या. २१ मे २००८, मॉस्को, चॅम्पियन्स लीगची फायनल, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध चेल्सी. सुरुवातीच्या बावीस जणांत इंग्लंडच्या टोपीचे किती? युनायटेडचे ब्राउन, फर्डिनंड, हारग्रीव्ज, स्कोल्स, कॅरिक, रूनी. चेल्सीचे टेरी, ॲशली कोल, लॅम्पार्ड, जो कोल. दहा! युरोपातल्या सगळ्यात मोठ्या सामन्यात बावीसपैकी दहा इंग्लिश, आणि पुढच्याच महिन्यात युरोमध्ये इंग्लंड नाही. हे लोक बेंचवर कुजत नव्हते. कार्सनसुद्धा लिव्हरपूलकडून लोनवर जाऊन ॲस्टन व्हिलाच्या गोलमध्ये नियमित उभा राहत होता. जागा होत्या, सामने होते, पदकं होती. तरी इंग्लंडचा पांढरा शर्ट चढवला की पाय जड. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, याचं याहून चांगलं उदाहरण मला फुटबॉलमध्ये माहीत नाही.

आग होती ती खाली, पोरांच्या शाळेत. बरीच वर्षं इंग्लंडमधल्या अकादमींना दीड तासाच्या प्रवासाच्या आतलीच मुलं घेता यायची. अमुक क्लबच्या अंगणात गुणी पोरगं जन्मलं तर त्याचं नशीब, नाहीतर नाही. प्रशिक्षणाचे तास तुटपुंजे. २०१२ मध्ये दोन गोष्टी झाल्या: बर्टनजवळ सेंट जॉर्जेस पार्क हे राष्ट्रीय केंद्र उघडलं आणि प्रीमियर लीगने अकादमींची नवी योजना आणली. अकादमींना दर्जे लावले, पूर्णवेळ प्रशिक्षक सक्तीचे केले, तास वाढवले, वरच्या दर्जाच्या अकादमींवरची अंतराची अट काढली. छोट्या क्लबांची पोरं मोठे क्लब स्वस्तात उचलतात ही तक्रार तेव्हापासून आहे आणि ती रास्त आहे. पण फळ दिसायला पाच वर्षं लागली, आणि ते आपल्या दारात दिसलं.

२१ ऑक्टोबर २०१७, शनिवार, मडगावचं फातोर्डा स्टेडियम. सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपची उपांत्यपूर्व फेरी, इंग्लंड विरुद्ध अमेरिका. पहिल्या पंधरा मिनिटांत रियान ब्रूस्टरचे दोन गोल, उत्तरार्धात मॉर्गन गिब्ज-व्हाइटचा एक, अगदी शेवटी पेनल्टीवर ब्रूस्टरची हॅटट्रिक. ४-१. इंग्लिश संघ म्हटला की लांब मारायचं आणि मागे धावायचं, हे चित्र डोक्यात घेऊन बसलेल्यांची त्या रात्री फजिती झाली. चेंडू जमिनीवर, पास छोटे, आणि फोडन नावाचं एक शिडशिडीत पोरगं दोघांच्या मधून असं सटकायचं की शेजारचा 'अरे, हा स्पॅनिश आहे का' म्हणावा. आठवड्याने कोलकात्यात फायनलला खऱ्या स्पॅनिश पोरांसमोर ०-२ ने मागे पडून ५-२ जिंकले. फोडनचे दोन, मार्क गेहीचा एक. त्याच वर्षी वीस वर्षांखालील वर्ल्ड कपही इंग्लंडचा.

आणि मोठ्यांचं? २०१८ ला वर्ल्ड कपची उपांत्य फेरी. २०२१ मध्ये युरोची फायनल, इटलीकडून पेनल्टीवर हार. २०२४ मध्ये पुन्हा युरोची फायनल, स्पेनकडून २-१. कप नाही, कबूल. पण १९६६ नंतरच्या इंग्लंडच्या चांगल्या काळांत हा काळ मोडतो आणि तो नेमका लीग परदेशींनी भरलेली असताना आला. फोडन मँचेस्टर सिटीच्या सरावात रोज बेल्जियमच्या डी ब्रुइना आणि स्पेनच्या डेव्हिड सिल्व्हाच्या अंगावर जाऊन शिकला. घरचाच तालमीत पोसायचा तर समोरचा मल्लही तगडा हवा, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. (शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांनी आफ्रिकेतले खेळाडू उतरवले तेव्हाही हाच वाद रंगला होता, आणि स्टेडियम तरी भरलेलंच असायचं.)

दुसऱ्या देशांकडे पाहिलं की हा तर्क आणखी उघडा पडतो. २०२२ चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या अर्जेंटिनाच्या सव्वीस जणांत अर्जेंटिनाच्या लीगमध्ये खेळणारा एकच होता, रिव्हर प्लेटचा गोलरक्षक अर्मानी. जर्मनीत २००१ साली कोटबुस क्लबने अकरा परदेशी उतरवले तेव्हा तिथेही गळे काढले गेले. जर्मनांनी त्याच सुमारास प्रत्येक बुंडेसलीगा क्लबला अकादमी सक्तीची केली आणि २०१४ ला कप नेला. इटलीने १९६६ मध्ये उत्तर कोरियाकडून हरल्यावर परदेशींना दार लावलं होतं. त्या काळात १९६८ चा युरो आला, हे फॉरवर्डवाल्यांच्या बाजूने धरा. पण १९८२ चा वर्ल्ड कप आला तो दार पुन्हा उघडल्यावर दोन वर्षांनी.

"आयपीएलसारखा कोटा लावा." लावून झालाय. नव्वदच्या सुरुवातीला युरोपीय स्पर्धांत तीन परदेशी आणि त्या देशात बरीच वर्षं खेळून 'रुळलेले' दोन असा नियम होता. त्यात स्कॉटिश, वेल्श, आयरिश हेही परदेशी. नोव्हेंबर १९९४ मध्ये बार्सिलोनात मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसननी मोजणी करून करून शेवटी गोलमधून डेन्मार्कच्या श्मायकेलला वगळलं, गॅरी वॉल्शला उभं केलं. समोर रोमारिओ आणि स्टॉइचकोव्ह. ४-० ने हरले. आयपीएलचं गणित वेगळं आहे: दोन महिने स्पर्धा, तोलामोलाची दुसरी लीग नाही, भारतीय खेळाडू बाहेरच्या लीगमध्ये जायचं म्हटलं तर बोर्ड आडवं. आर्सेनलला मात्र बुधवारी रिअल माद्रिदसमोर उभं राहायचं असतं. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, बाहेरच्यांना गुणांची अट आहे आणि अठरा वर्षांखालचा परदेशी मुलगा घेताच येत नाही. म्हणजे थोडीफार गाळणी लागलेलीच आहे. आणि घरचा माल दुर्मीळ झाला की भाव चढतो: ग्रीलिश १० कोटी पौंड, डेक्लन राइस साडेदहा कोटी. कडक कोटा आला तर त्या बाजारात बर्नलीसारख्या छोट्या क्लबने काय घ्यायचं?

"होमग्रोनचा नियम कुचकामी." नियम नीट वाचला तर तो इंग्लिशपणाचा नियमच नाही हे कळेल. २०१० पासून पंचवीसच्या यादीत होमग्रोन नसलेले जास्तीत जास्त सतरा. आणि होमग्रोन म्हणजे एकविशीच्या आत इंग्लंड-वेल्समधल्या क्लबांत तीन हंगाम नोंदलेला, पासपोर्ट कुठलाही असो. सोळाव्या वर्षी बार्सिलोनाहून आलेला फाब्रेगास होमग्रोन. पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंगच्या अकादमीत वाढलेला एरिक डायर अस्सल इंग्लिश, २०१४ मध्ये टॉटनहॅमला आला तर होमग्रोन नाही! हसू येतं, पण मला यात खोट दिसत नाही. कुठे शिकला हे महत्त्वाचं. जन्मदाखला क्लबने का तपासायचा? कोलकात्याच्या फायनलमध्ये गोल करणारा गेही आयव्हरी कोस्टमध्ये जन्मला, लंडनमध्ये वाढला. २०२५ मध्ये क्रिस्टल पॅलेसचा कर्णधार म्हणून त्याने एफए कप उचलला, क्लबची पहिलीच मोठी ट्रॉफी.

"परदेशींना क्लबची माया नसते." यावर फार शाई घालवत नाही. लिव्हरपूल शहरातच वाढलेला ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड २०२५ मध्ये लिव्हरपूलचा करार संपवून रिअल माद्रिदला निघाला, त्याच वसंतात इजिप्तच्या सालाहने लिव्हरपूलशी नवा करार केला. इंग्लंडचा सॉल कॅम्पबेल टॉटनहॅममधून थेट कट्टर प्रतिस्पर्धी आर्सेनलला गेला. कोरियाचा सोन टॉटनहॅममध्ये दहा वर्षं राहिला.

घरच्या पोराला आज बाहेर काढतं ते हिशेबाचं पुस्तक. लीगच्या २०२५-२६ पर्यंतच्या नियमात तीन वर्षांत ठरावीक मर्यादेपलीकडे तोटा दाखवता येत नव्हता. पाच कोटींना घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर वाटली जाते. तो विकला तर उरलेली किंमत वजा होऊन नफा निघतो. अकादमीतल्या पोराची वहीतली किंमत शून्य, म्हणून विकला की आलेला पैसा जवळपास सगळा नफा. तोटा झाकायचा तर आधी कुणाला विकाल? कॉनर गॅलघर २०१७ साली भारतात जिंकलेल्या त्याच संघात होता. लहानपणापासून चेल्सीच्या अकादमीत, २०२३-२४ च्या हंगामात बहुतेक सामन्यांत दंडावर कर्णधाराची पट्टी. ऑगस्ट २०२४ मध्ये चेल्सीने त्याला आत्लेतिको माद्रिदला विकलं. तिथल्या एखाद्या ग्रुपवर तेव्हा कुणीतरी लिहिलं असेलच, की हे परदेशी येतात आणि आमच्या पोरांची जागा खातात.