म्हणे, लिव्हरवाल्यांना गुठळी होत नाही!

मावशीला सिरोसिस आहे, म्हणजे लिव्हर कडक होऊन बिघडत जाण्याचा आजार. परवा तिची डावी पोटरी सुजली, ठणकतही होती. दाखवून येऊ म्हटलं, तर तिनं मोबाईलच पुढे केला. 'लिव्हर बिघडलं की रक्त आपोआप पातळ होतं, गुठळीची भीतीच नाही. आयएनआर वाढला की प्लाझ्मा चढवून घ्या. रोज पपईच्या पानांचा रस घ्या.' खाली जोडलेले हात आणि 'जनहितार्थ'. (आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पातळ, पिवळसर भाग.)

भीतीच नाही? रक्त गोठवणारे बहुतेक घटक लिव्हर बनवतं, हे खरं. पण गोठण्याला लगाम घालणारी प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन हीसुद्धा तिथंच बनतात. कारखाना मंदावला की दोन्ही माल कमी! शिवाय फॅक्टर आठ आणि फॉन विलेब्रांड फॅक्टर हे गोठवणारे घटक रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून येतात, ते सिरोसिसमध्ये उलट वाढलेले असतात. म्हणजे तराजू कसाबसा सावरलेला. साधा जंतुसंसर्गही त्याला कुठल्याही बाजूला कलंडवू शकतो. आयएनआर हा मुळात वॉरफरीन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांसाठी काढलेला आकडा, त्याला गोठवणाऱ्या घटकांचं एकच पारडं दिसतं. त्रिपोदी आणि मानुच्ची या इटालियन संशोधकांनी २०११ सालीच 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हे नीट मांडलंय. आणि लिव्हरकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेतली गुठळी तर सिरोसिसच्या डॉक्टरांना नेहमीचीच.

प्लाझ्माचं म्हणाल, तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटतात त्या पोर्टल शिरेतल्या दाबामुळे. प्लाझ्मानं शरीरातलं रक्त वाढतं आणि हा दाबही वाढतो. नुसता आकडा गोंडस दिसावा म्हणून तो चढवायचा नसतो.

बरं, रक्तस्राव होतच नाही असं मी म्हणत नाही. सुजलेली प्लीहा रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेट पेशी अडकवून ठेवते. हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. पित्ताचा मार्ग तुंबून कावीळ झाली असेल, तर व्हिटॅमिन के च्या इंजेक्शनचा उपयोगही होतो. पण मेसेजात नेमकं हेच नाही. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली तर तडक हॉस्पिटल गाठा, हेही नाही. गुडघ्यांसाठी मावशी मेडिकलमधून परस्पर आणते त्या वेदनाशामक गोळ्या अशा पेशंटला घातक, त्याबद्दलही चकार शब्द नाही.

पपईच्या पानांवर वेळ घालवत नाही. डेंग्यूचा मेसेज असावा, पत्ता चुकून इकडे आला.

काल मावशीच्या पायाची डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, झाली. मांडीच्या शिरेत गुठळी आहे. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली, तेव्हा मावशीनं डॉक्टरांना विचारलंच, "पण माझं आधीच पातळ आहे ना?"