‘जुना तांडेल’ यांना उत्तर : मासिक मच्छीमारांचं की कारखानदारांचं?

काका (तुमचं वय मला ठाऊक नाही, पण तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान, म्हणून सही करणाऱ्याला नुसतं ‘तुम्ही’ म्हणून भागवायला जीभ धजत नाही),

उत्तर प्रतिक्रियेच्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळं लिहितेय. ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : सिअॅटलहून निघणाऱ्या ‘पॅसिफिक फिशरमन’ या मासिकावर मी लिहिलं होतं. मिलर फ्रीमन नावाच्या प्रकाशकाने ते १९०३ साली काढलं, आणि साठएक वर्षं चालून ते पूर्व किनाऱ्यावरच्या ‘नॅशनल फिशरमन’मध्ये विलीन झालं. त्यावर काकांचं म्हणणं असं : “नावात फिशरमन आहे म्हणून ते मच्छीमारांचं होत नाही, ताई. जाहिरात कारखान्याची, लेख मालकांचे. मासे वाचवले म्हणून तुम्ही मालकाला ओवाळलंत आणि जपान्यांना हाकललं ते एका ओळीत उरकलंत. माझा बाप रोजचं म्हावरं चोपडीत लिहून ठेवायचा, त्याच्यावर कुणी लेख लिहीत नाही. आणि सॅमन म्हणजे रावस नव्हे.”

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, तिथे वाद घालायला जागाच नाही. ‘सॅमन, म्हणजे आपल्या रावसाचा चुलतभाऊ’ असं मी लिहिलं होतं. साफ चूक. साहेबाने रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हटलं आणि आपण ते हॉटेलांच्या मेनूकार्डावर अजून वागवतोय. नात्याने हे दोघे एकमेकांचे कुणी लागत नाहीत. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत येतो. वाक्य काढून टाकलंय. पण चूक नुसत्या नावाची नव्हती, कारण इथली सगळी कहाणीच त्या परत येण्यावर उभी आहे. ज्या माशाची वेळ आणि वाट दोन्ही माहीत आहे, त्याच्यामागे समुद्रात जायची गरज काय? दारात उभं राहून धरा. म्हणून नद्यांच्या तोंडाशी मासे डब्यात भरणारे कारखाने आले, आणि किनाऱ्यालगत खांब रोवून जाळ्यांचे प्रचंड सापळे आले. तुमच्या डोलीचे, म्हणजे खुंटांना बांधायच्या पिशवीसारख्या जाळ्याचे, खुंट डोळ्यांपुढे आणा, पण आकाराने कितीतरी मोठे आणि बहुतेक कारखान्यांच्या मालकीचे. सापळ्याला तांडेल लागत नाही, खलाशी लागत नाहीत, एखाददुसरा राखणदार पुरतो. होडीवाल्यांचा त्यांच्यावर किती राग होता ते यावरून कळेल : वॉशिंग्टन राज्यात १९३४ साली लोकांनी मतदान करून सापळे बंद पाडले, आणि अलास्काला १९५९ मध्ये राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा तिथलेही गेले.

आता मासिक कुणाचं? तुमचंच बरोबर आहे. पानं उलटली की दिसतात ते डबे, पत्रा, बॉयलर, इंजिनं, दोर, जाळी. होडीवर काम करणारा माणूस बॉयलर विकत घेत नाही. सॅमनचं डोकं, पर आणि आतडी झटपट काढणारं एक यंत्र याच सुमारास सिअॅटलमध्ये निघालं. कारखान्यांत हे कापायचं काम चिनी मजूर करत, म्हणून यंत्राचं नाव पडलं ‘आयर्न चिंक’. चिनी माणसाला द्यायची शिवी, पुढे ‘लोखंडी’ लावलेली. ज्याची रोजी यंत्राने घेतली त्याचीच शिवी यंत्राच्या पाटीवर, आणि धंद्यात ते नाव बिनदिक्कत चालायचं. अशा जगातलं मासिक कुणाशी बोलत होतं हे मी लेखात स्वच्छ सांगायला हवं होतं. ‘मच्छीमारांचा आवाज’ हे शब्द मागे घेते. तसा आवाज ऐकायचा असेल तर थोडं उत्तरेला, व्हँकुव्हरला जावं लागतं. तिथे १९३७ पासून मच्छीमारांच्या संघटनेचं स्वतःचं ‘द फिशरमन’ नावाचं वर्तमानपत्र निघत होतं. ते माझ्या लेखात नव्हतं, ही उणीवच.

तरी मालकांच्या मासिकाची एक गोष्ट मी सोडणार नाही, आणि ती म्हणजे हिशेब. कुठल्या नदीवर किती पेट्या भरल्या, कुठल्या जातीच्या, हे ते वर्षानुवर्षं छापत राहिलं. एक पेटी म्हणजे पौंडाचे ४८ डबे. कॅनडातल्या फ्रेझर नदीचा सॉकाय (सॅमनची एक जात) दर चौथ्या वर्षी लोंढ्याने येतो. १९१३ हे असंच भरतीचं वर्ष होतं, त्या वर्षी कॅनडा आणि अमेरिका मिळून सुमारे २४ लाख पेट्या भरल्या. त्याच सुमारास याच नदीवर हेल्स गेटच्या अरुंद दरीत रेल्वेमार्गाच्या सुरुंगांचे दगड नदीत कोसळले आणि वर चढणारे मासे तिथेच अडकून पडले. पुढचं भरतीचं वर्ष १९१७, आणि पेट्या साडेपाच लाखांच्या आसपास. नदीचं काय झालं हे आज आपल्याला कळतं ते बरंचसं मालकांनी नफ्यासाठी मोजलेल्या पेट्यांवरून. त्यांचा हेतू काहीही असो, मोजणी उपयोगी पडली.

फ्रीमनबद्दल. इथे तुम्ही मला पकडलंत आणि बरं केलंत, कारण ती एक ओळ मी मुद्दामच छोटी ठेवली होती. लेखाचा ओघ बिघडेल म्हणून. आता सविस्तर सांगते.

या माणसाचा बाप, ले फ्रीमन, रेल्वे जसजशी पश्चिमेला सरकेल तसा छापखाना पुढे नेत ‘फ्रंटियर इंडेक्स’ नावाचं पत्र काढायचा. १८६८ साली बेअर रिव्हर सिटीत जमावाने त्याचा छापखाना जाळला. चिनी, काळे, मूळ रहिवासी, सगळ्यांवर विखारी लिहिणारा गृहस्थ. मुलाने छापखाना घेतला आणि त्याबरोबर बरंच काही घेतलं. मिलर फ्रीमन १९१९ पासून वॉशिंग्टन राज्यातल्या जपानीविरोधी चळवळीचा पुढारी होता, आणि १९२० मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्याने तशी साक्षही दिली. १९२१ साली राज्याने कायदा केला : ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांनी जमीन घ्यायची नाही. जपान्यांना नागरिक होता येत नव्हतंच. तो कायदा पुसायला १९६६ साल उजाडलं.

हे मला दूरचं नाही. मी राहते त्या सिअॅटलशेजारच्या बेलव्ह्यूमध्ये आज इतके मराठी लोक आहेत की भाजीच्या रांगेत ‘अहो’ म्हटलं तर तिघे वळून बघतात. गणपतीच्या आधी सगळे ज्या बेलव्ह्यू स्क्वेअर मॉलमध्ये कपडे घ्यायला जातो, तो १९४६ साली उभारला मिलर फ्रीमनच्या मुलाने. आणि त्याआधी या भागात जंगल तोडून, बुंधे उपटून स्ट्रॉबेरी पिकवली ती जपानी कुटुंबांनी. १९२५ पासून इथे स्ट्रॉबेरीचा उत्सव भरायचा. १९४२ च्या मे महिन्यात, महायुद्धात, जपानी वंशाची म्हणून ही कुटुंबं छावण्यांत डांबायला नेली गेली आणि उत्सव संपला. मूळ लेखात यातलं काहीच नव्हतं.

पण काका, ‘मासे वाचवणारा फ्रीमन’ आणि ‘जपान्यांना हाकलणारा फ्रीमन’ असे दोन फ्रीमन करून पहिल्याला ओवाळू नका, असं तुम्ही सुचवता. मला ते दोन वाटतच नाहीत. ‘हा मासा आमचा आहे’ या एकाच वाक्यातून त्याचं दोन्ही निघतं. आमचा आहे म्हणून जपून धरा, आणि आमचा आहे म्हणून दुसऱ्याला धरू देऊ नका. आणि दुखरी गोष्ट अशी, की या बाबतीत होडीवाले मालकांच्या विरोधात नव्हते. १९३६ पासून जपानी जहाजांनी अलास्काच्या ब्रिस्टल बेमध्ये सॅमनची चाचपणी सुरू केली, तेव्हा कारखानदार आणि मच्छीमारांच्या संघटना एकाच सुरात ओरडल्या. १९३८ मध्ये जपानने माघार घेतली.

मासेमारीच्या हंगामी बंदीबद्दल मात्र तुमच्याशी वाद घालते. मालकांनी आपला कच्चा माल वाचवायला बंदी आणली, असा तुमचा सूर आहे. सॅमनच्या बाबतीत त्यात पुष्कळ तथ्य असेल. हॅलिबटचं वेगळं आहे. हा तळाशी राहणारा, परातीसारखा चपटा, माणसाच्या वजनाच्या कितीतरी पुढे जाणारा मासा. तो डब्यात जात नव्हता, बर्फात जात होता. १८८८ मध्ये सिअॅटलजवळच्या टकोमाहून रेल्वेने बॉस्टनला पाठवलेल्या हॅलिबटपासून हा धंदा सुरू झाला, आणि लांब दोरीला गळ लावून तो धरणाऱ्या होड्या बऱ्याचशा नॉर्वेहून आलेल्या दर्यावर्दींच्या होत्या. १९१५ च्या सुमारास वर्षाची पकड सुमारे ६.९ कोटी पौंडांवर गेली आणि मग जवळचा दर्या ओस पडत चालला. हिवाळ्याची बंदी या धंद्यातूनच मागितली गेली. हिवाळ्यातला तो समुद्र जीवघेणा, आणि शीतगृहं आधीच भरलेली. म्हणजे भावाचा हिशेबही होताच, तो मी नाकारत नाही. पण पावसाळ्यात होडी वर ओढून ठेवणाऱ्या माणसाला हे पटायला जड जाऊ नये.

त्यातून २ मार्च १९२३ ला अमेरिका आणि कॅनडाचा हॅलिबट करार झाला : १६ नोव्हेंबर ते १५ फेब्रुवारी मासेमारी बंद. ब्रिटनच्या राजदूताला शेजारी सही करायची होती, पण कॅनडाचे मंत्री अर्नेस्ट लापॉइंट यांनी एकट्यानेच केली. साम्राज्यातल्या देशाने परराष्ट्राशी आपल्या एकट्याच्या सहीने केलेला करार, तोही माशासाठी! (कॅनडाच्या इतिहासाच्या पुस्तकांत हॅलिबटला मानाचं पान आहे ते यामुळे.) या करारातून नेमलेल्या आयोगाच्या पहिल्या सदस्यांत फ्रीमन होता.

आणि आता तुमच्या वडिलांची चोपडी. ते वाक्य तुम्ही टोमणा म्हणून लिहिलंत, पण सगळ्यात कामाचं तेच आहे. हॅलिबट कमी होतोय हे कशावरून ठरलं माहीत आहे? डब्ल्यू. एफ. थॉम्पसन नावाच्या तरुण जीवशास्त्रज्ञाने कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात होड्यांच्या कप्तानांच्या वह्या मिळवल्या. कुठल्या जागी, किती दोर टाकले, किती मासा आला. एकूण पकड फुगलेली दिसत होती, कारण होड्या लांब लांब जात होत्या. एका दोरामागे किती मासा येतो हे वह्यांवरून काढलं, तेव्हा खरी घसरण दिसली. मासिकात छापलेली एकूण बेरीज एवढं सांगू शकली नसती. मासिकाचे संपादक राहिलेले जॉन कॉब १९१९ मध्ये इथल्या विद्यापीठाच्या मत्स्य महाविद्यालयाचे पहिले संचालक झाले, आणि कॉलेजची पायरी न चढलेला माणूस संचालक झाला याचं कौतुक मी लेखात दोन परिच्छेद केलं होतं. थॉम्पसनच्या वह्यांवर एक ओळही नव्हती. ती आता घातली आहे, आणि शीर्षकही बदललंय.

एक विचारायचं राहिलं. ती चोपडी अजून घरात आहे का? असेल तर वाळवी लागायच्या आत पानांचे फोटो काढून ठेवा. आणि त्यात नुसतं म्हावरं आहे, की उधाण-भांग, वारा, कुठल्या खुंटावर डोल लावली होती तेही लिहिलंय? जागा लिहिली असेल तर मला नक्की कळवा.