लष्करी तळाची वाफ आणि कोळशाचा हिशेब

"मामा, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र हाकेच्या अंतरावर आहे, कोळशाच्या वाघिणी आपल्या भुसावळला येतात, मग आपल्या आयुध निर्माणींनी आणि लष्करी तळांनी स्वतःचा कोळसा जाळून स्वतःची वीज का करू नये?" असे भाच्याने परवा विचारले. एका कारखान्याच्या बॉयलरवर मी बावीस वर्षे काढली आहेत, म्हणून त्याला दिलेले उत्तर इथे नीट लिहितो.

कोळशातील उष्णता डिझेलपेक्षा स्वस्त पडते, हे खरे आहे. परंतु लहान बॉयलर मुख्यतः कोळशाच्या दराने महाग होत नाही. तो तासाला दहा टन वाफ करणारा असो की पन्नास, प्रत्येक पाळीला प्रमाणपत्र असलेला बॉयलर अटेंडंट, भट्टीत कोळसा घालणारा फायरमन, पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा आणि राख उपसणारी माणसे लागतातच. मे महिन्यात, बाहेर पारा ४५ अंशांवर असताना, भट्टीचे दार उघडून लांब सळईने क्लिंकर, म्हणजे वितळून घट्ट झालेले राखेचे गोळे, फोडणारा माणूस मी रोज पाहिला आहे. हिशेबाच्या वहीत त्याचे सगळे श्रम 'देखभाल' या एका शब्दात मावतात. आपल्या कोळशात वजनाच्या ३० ते ४० टक्के राख असते, म्हणजे दहा ट्रक कोळसा आणला की तीन-चार ट्रक राख वाहून न्यावी लागते.

त्यातच नुसती वीज करायची ठरवली, तर कोळशातील उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो. दीपनगरचे ५०० मेगावॉटचे संच आपल्या आकाराच्या जोरावर हे पेलतात. पाच-दहा मेगावॉटच्या तळाला ते पेलवत नाही, कारण तिथे टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ कामी आली तरच गणित जमते. अलास्कातील फोर्ट वेनराइट या अमेरिकी तळावर ते जमले, कारण तिथे थंडीत पारा उणे ४० पर्यंत उतरतो आणि १९५० च्या दशकात उभारलेले कोळशाचे केंद्र विजेबरोबरच इमारतींना भूमिगत बोगद्यांतून वाफही पुरवते. आमच्या खान्देशात मे महिन्यात ती वाफ घेणार कोण?

जर्मनीतील कायझरस्लाउटर्न येथील अमेरिकी तळांसाठी तर अमेरिकेतल्याच पेनसिल्व्हेनिया राज्याचा अँथ्रासाइट हा कठीण कोळसा कित्येक दशके कायद्याच्या सक्तीने समुद्रापार नेला जात होता. त्यामागे खाणींच्या मतदारसंघाचे राजकारण होते. सैनिकांसाठीचा पैसा असा खर्च होणे मला मनापासून चुकीचे वाटते.

युद्धकाळात गॅसची वाहिनी तुटू शकते आणि आवारातला कोळशाचा ढीग मात्र आठवडेच्या आठवडे पुरतो, हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण त्याची किंमत संरक्षणाच्या खात्यावर उघडपणे लिहावी, स्वस्त विजेच्या नावाखाली नव्हे. भाच्याला मी एवढेच सांगितले आहे की कोळशाचा भाव विचारण्याआधी तळाला ऐन मे महिन्यात तासाला किती टन वाफ लागते, ते मोजून आण.