आठ तासांचा दिवस हेन्री फोर्डची देणगी नव्हे

‘आठ तासांचं काम हेन्री फोर्डने सुरू केलं’ असा मेसेज फिरतोय. फोर्ड या अमेरिकन मोटार कारखानदाराने जानेवारी १९१४ मध्ये पाळी नऊवरून आठ तासांवर आणली, हे खरं. पण मागणी कामगारांची, आणि कितीतरी जुनी. अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्यात १८६७ सालीच आठ तासांचा कायदा झाला होता. मात्र ‘वेगळा करार नसेल तर’ ही पळवाट त्यातच होती. मालकांनी जास्त तासांचे करार लिहून घेतले आणि कायदा कागदावरच राहिला. म्हणून तर १ मे १८८६ ला लाखो कामगार संपावर गेले! रेल्वे कामगारांना कायद्याने आठ तास १९१६ मध्ये मिळाले. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्याने आठवड्याची मर्यादा ४४ तास ठरली, १९४० पासून ४०; त्यावर दीडपट मजुरी. संपात माणसं मेली आहेत, त्यांचं श्रेय कारखानदाराला देऊ नका. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.