तीन दिवस, सतरा ठिकाणं

प्रकाशनं चहाच्या कट्ट्यावर खिशातून घडी घातलेला कागद काढला, तेव्हाच कळलं की आज चहाचे दोन राउंड होणार. महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटं निघालीत, दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस मुंबई. सोबत त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सात वर्षांचा गोट्या आणि चार वर्षांची चिमी. कागदावर छापील तक्ता, तासातासाचे रकाने आणि १७ ठिकाणं. त्यातली निम्मी मॉलमधली.

"वाच," अण्णा म्हणाले. एसटीत ३० वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. कागद कुणाचाही असो, तपासणारच.

प्रकाशनं घसा खाकरला. "पहिला दिवस सोमवार. नऊला हॉटेल. साडेनऊला कॅब. दहाला बर्फाचा हॉल. साडेअकराला ट्रॅम्पोलिन..."

"बुधवारी काय?"

"बुधवारी राणीबाग. पेंग्विन. ३५ मिनिटं."

"राणीबाग बुधवारी बंद असते."

विज्या खो-खो हसायला लागला. प्रकाशनं तिथल्या तिथं पेन काढलं, राणीबाग मंगळवारी घेतली, मंगळवारची घारापुरीची लेणी सोमवारी ढकलली.

"घारापुरी सोमवारी बंद," अण्णा म्हणाले. "लेका, तू एसटीत असतास तर गाडी डेपोतनं निघालीच नसती."

"अण्णा, आता जमाना बदलला. पोरांना ॲक्टिव्हिटी लागतात. बागेत फिरवून काय मिळतंय? एक्सपोजर पायजे!" हा शब्द प्रकाश दर दोन वाक्यांनी वापरतो. गोट्याला पोहायला घातलं तेव्हाही एक्सपोजर, चिमीला आंबा चाखवला तेव्हाही एक्सपोजर.

मी अण्णांच्या बाजूचा. दोन वर्षांपूर्वी लेकीला मुंबईत असल्याच एका मॉलमधल्या खेळघरात नेलं होतं. आत शिरताना भिंतीवर उंचीची लाल रेघ. पोरगी दोन बोटं कमी पडली, म्हणून मोठ्या घसरगुंडीला मनाई. पायमोजे त्यांचेच विकत घ्यायचे, तेही दाराशी गेल्यावर कळलं. पोरगी तासभर जाळीला नाक लावून दुसऱ्यांची पोरं बघत बसली. त्याच संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर तिनं ओल्या वाळूत खड्डा खणला, त्यात आपोआप पाणी आलं आणि ती एवढी किंचाळली की शेजारचा भेळवाला वळून बघायला लागला. आजही ती मुंबई म्हटलं की तो खड्डाच सांगते. म्हणून मी प्रकाशला म्हणालो, खेळघर कोल्हापुरात मिळंल, पुण्यात मिळंल. समुद्र कुठनं आणणार?

"समुद्राचं नाव काढू नका," प्रकाश म्हणाला. "नौदलाच्या बोटीनं घारापुरीच्या बोटीला धडक दिली तेव्हापासनं ही बोटीत बसायला तयारच नाही."

यावर कुणी हसलं नाही. अण्णा सावकाश म्हणाले, "वहिनींचं बरोबरच आहे. पोरांच्या मापाचं लाइफ जॅकेट मागायचं, बोट सुटायच्या आधी घालून बघायचं. नसेल तर उतरायचं. बोट गच्च भरली असेल तर दुसरी धरायची. पण भीतीपायी पोरांना समुद्रच दाखवायचा नाही, असं करू नको."

मग अण्णांनी जे सांगितलं ते मला नवीन होतं. राणीबागेच्या आवारात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ एक दगडी हत्ती आहे. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरनंच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ साली इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो पडून फुटला. पुढं तुकडे मुंबईत आणून १९१४ साली जोडले. "आधी पोरांना हा हत्ती दाखव. सांध्यांवर हात फिरवू नका म्हणावं, नुसतं बघा. मग दुसऱ्या दिवशी बोटीनं त्याच्या गावाला ने. तासाभराचा पाण्यातला प्रवास, जेट्टीवरनं छोटी गाडी, वर १२० पायऱ्या. पोरं पायऱ्या मोजत चढतात, कडेवर घ्या म्हणत नाहीत."

"दोन दिवसांत दोनच ठिकाणं?" प्रकाशचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"आणि मधे लोकल. सीएसएमटीवरनं धिमी गाडी पकड, तिथनंच सुटते, खिडकी मिळते. भायखळ्याला उतर. गोट्याला अर्धं तिकीट, चिमीला फुकट. फक्त सकाळ-संध्याकाळची गर्दी टाळ."

लोकल म्हटल्यावर विज्याला राहवलं नाही. "लोकलचं याला नको सांगू अण्णा. कॉलेजच्या ट्रिपला आम्ही सगळे दादरला उतरलो आणि हा फास्ट गाडीत झोपून ठाण्याला गेला. सगळ्यांचे वडे याच्या पिशवीत!"

"ठाण्यात कुणी घेतले नाहीत ते वडे, परत आणले होते मी!"

"सहा होते, चार आणलेस."

२२ वर्षांपूर्वीचे दोन वडे. दर दोन महिन्यांनी निघतात. विज्यानं यावेळीही हिशेब सोडला नाही.

चहा करणाऱ्या शोभावहिनी इतका वेळ आलं किसत ऐकत होत्या. गाळणी आपटत म्हणाल्या, "भावजी, चार वर्षांची पोर दुपारी झोपणार कधी? आणि तिला शू लागली तर कुठं न्यायचं, ते लिवलंय का कागदावर?"

प्रकाशनं कागद उलटा करून बघितला. मागची बाजू कोरी होती. "तिथं लिहा," वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात गोट्याच सायकलवरनं आला, आई बोलावतीय म्हणून सांगायला. विज्यानं त्याला कट्ट्यावर उचलून बसवलं. "गोट्या, खरं सांग. मुंबईत काय बघायचंय तुला?"

गोट्यानं विचार केला. सगळे गप्प. अण्णांनी कप खाली ठेवला.

"सरकता जिना."

प्रकाश ताडकन उठला. "बघा! सरकता जिना! मॉल! मी काय म्हणत होतो?"

"दादर स्टेशनात आहे की," अण्णा म्हणाले. "फुकट. हवं तितक्यांदा चढव. पण तू खाली उभा राहू नको, झोप लागली तर ठाण्याला जाशील."

विज्याचा चहा नाकातनं आला. गोट्याला काहीच कळलं नाही, पण तोही हसला. प्रकाशनं तक्त्यातली बर्फाच्या हॉलची ओळ खोडली, तिथं 'दादर, जिना' लिहिलं आणि अर्धा तास दिला.

"तास दे," गोट्या म्हणाला.