नंबर लागला का?

गाडीबद्दल सगळ्यात जास्त माहिती कोणाला असते? ज्याच्याकडे ती नसते त्याला. माझ्याकडे कॉर्वेट, म्हणजे शेव्हरोलेची दोन सीटची स्पोर्ट्स कार, नाही. त्यामुळे तिच्या डिक्कीत गोल्फच्या दोन बॅगा मावतात, सीटबेल्ट सहा रंगांत मिळतात आणि झेड-५१ नावाचं जादा परफॉर्मन्सचं पॅकेज घेतलं तर ती २.९ सेकंदांत ताशी ६० मैलांचा वेग गाठते, हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगतो. मी गोल्फ खेळत नाही.

१८ जुलै २०१९ ला कॅलिफोर्नियात टस्टिनला शेव्हरोलेनं आठव्या पिढीची कॉर्वेट दाखवली. १९५३ पासून बॉनेटखाली असलेलं इंजिन पहिल्यांदाच सीटच्या मागे गेलं होतं आणि किंमत साठ हजार डॉलरच्या आत, पाच डॉलरनं का होईना. मी लगेच इथे ओहायोत, आमच्या गावातल्या डीलरकडे अनामत भरून आलो. घरी आल्यावर बायकोला म्हटलं, "वर्षअखेरीला कारखान्यात बनायला लागणार." तिनं एवढंच विचारलं, "रंग कोणता?"

रंगावर आमचा उन्हाळा गेला. तिला रॅपिड ब्ल्यू, मला लाँग बीच रेड. शेवटी लाल ठरला, तोही घरातला सोफा तिच्या पसंतीनं बदलायच्या बोलीवर. सोफा आठवडाभरात आला.

डोंबिवलीला फोन केला तर आईची पहिली शंका, "दोनच सीटची? मग आम्ही आलो की बसायचं कुठे?" बाबांना मात्र मनापासून आनंद झाला. त्यांनी स्वतः चेतक बुक केली होती ती वर्षानुवर्षं वाट बघायच्या काळात. "नंबर लागला का?" हा तेव्हा तब्येतीइतकाच रोजचा प्रश्न होता. तोच प्रश्न ते आता दर रविवारी मला विचारू लागले. त्या काळी परकीय चलनात पैसे भरले की रांग चुकायची. शेजाऱ्यांचा मेहुणा शिकागोत होता, म्हणून त्यांच्या दारात स्कूटर आधी आली. ते शल्य बाबांच्या मनात अजून आहे. "आणि तू अरे अमेरिकेत बसून, रोख डॉलर मोजून, रांगेत?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कारखाना बोलिंग ग्रीनला आहे असं सांगितलं तर बाबांनी नकाशा उघडला. "अरे, तुमच्या ओहायोतच तर आहे! जाऊन बघून ये ना." ओहायोतही एक बोलिंग ग्रीन आहे, खरं आहे. कॉर्वेटचं केंटकीत आहे, आमच्यापासून बरोबर उलट दिशेला.

१६ सप्टेंबरला जनरल मोटर्सच्या, म्हणजे शेव्हरोलेच्या मूळ कंपनीच्या, कामगारांनी संप पुकारला. माझे आजोबा गिरणीत होते, त्यामुळे संप म्हटला की आमच्या घरात सहानुभूती आणि धडकी एकदमच येते. मुंबईतला ८२ सालचा गिरणी संप अधिकृतपणे अजून मागे घेतलेला नाही. हा संप चाळीस दिवसांत मिटला. मी एकट्यानंच चहा करून साजरा केला. उत्पादन मात्र नव्या वर्षावर गेलं.

एव्हाना मला आकडे कळायला लागले होते. ऑर्डरला चार आकडी कोड असतो. ११०० म्हणजे डीलरनं ऑर्डर नोंदवली. २००० म्हणजे कंपनीनं स्वीकारली. ३००० ला ती उत्पादनाच्या यादीत जाते, ३४०० नंतर काही बदलता येत नाही, ३८०० म्हणजे गाडी तयार. माझा कोड ११००. बायको रोज संध्याकाळी ताप मोजल्यासारखं विचारायची, "आज किती?" अकराशे. कंपनी डीलरला गाड्यांचा कोटा देते, तो त्याच्या आधीच्या विक्रीवर ठरतो, आणि आमच्या डीलरनं आयुष्यात पिकअप ट्रकच विकलेले. "यादीत तुझा दुसरा नंबर आहे," तो म्हणाला. पहिला कोण, विचारलं, तर तोच.

३ फेब्रुवारी २०२० ला उत्पादन सुरू झालं. मार्चमध्ये कोविडमुळे कारखाना बंद. मे महिन्याच्या अखेरीस पुन्हा सुरू. अकराशे.

अशा दिवसांत माणसानं कॉर्वेटचा इतिहास वाचू नये. मी वाचला. १९८३ सालची कॉर्वेट विकतच मिळाली नाही. नवं मॉडेल इतकं लांबलं की ते थेट १९८४ चं म्हणून बाजारात आलं. ८३ चे ४३ नमुने बनले होते, त्यातला एक उरला, तो कारखान्यासमोरच्या संग्रहालयात ठेवलाय. याच संग्रहालयात २०१४ मध्ये जमीन खचून आठ कॉर्वेट खड्ड्यात गेल्या. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आली तरी भरवसा नाही." झोरा आर्कस-डन्टॉव्ह हा कॉर्वेटचा मोठा इंजिनिअर इंजिन मागे न्या म्हणून वर्षानुवर्षं कंपनीच्या मागे लागला होता. तो १९९६ मध्ये वारला आणि त्याच्या अस्थी याच संग्रहालयात आहेत. रांगेत तोही माझ्या पुढेच होता म्हणायचा.

मग उन्हाळ्यात डीलरचा फोन आला. आवाजात पेढे वाटायला निघाल्यासारखा उत्साह. "तुझी ऑर्डर आपण २०२१ च्या मॉडेलवर वळवतोय! किंमत तीच, बाकीही सगळं तेच. हां, लाँग बीच रेड तेवढा बंद झाला. त्याच्या जागी रेड मिस्ट आलाय."

"आणि २०२१ चं उत्पादन कधी सुरू होणार?"

"एनी डे नाऊ."

फोन स्पीकरवर होता. मी आत येईपर्यंत नव्या सोफ्यावर लॅपटॉप उघडला गेला होता. पडद्यावर कॉर्वेट गोल फिरत होती, रॅपिड ब्ल्यू. "आता तुझा लाल राहिलाच नाही म्हटल्यावर," बायको मान वर न करता म्हणाली. मी रेड मिस्टचा विषय काढेपर्यंत तिनं सीटबेल्टही पिवळे करून टाकले होते.